शेवटची चौकट

माझे वडील कलेक्टर कचेरीत बाबू होते, आणि बाबू म्हणूनच ते जन्माला आले असावेत असं मला आजही वाटतं. माझं लग्नसुद्धा त्यांनी फाईल उघडून सुरू केलं. नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. नागपूरचं मराठी वर्तमानपत्र आमच्याकडे फक्त रविवारचं यायचं, गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीनं, दुपारी. आणि यायचं ते 'वधू पाहिजे'साठी. मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटच्या मराठी घरांत तेव्हा एकच धसका, पोरगी इथंच दिली तर नातवंडं हिंदीत रडतील. म्हणून जावई महाराष्ट्रातला हवा. आणि तिकडच्यांना आपली पोर 'एमपीवाली' वाटू नये, म्हणून तिनं दर रविवारी पेपर मोठ्यानं वाचायचा.

मी वाचायचे. पण जीव अडकलेला पाचव्या पानावरच्या चित्रकथेत. दर रविवारी चार चौकटी. एक बाई, अंतराळयान चालवणारी, दोन सूर्यांच्या ग्रहावर अडकून पडलेली. यान दुरुस्त होईतो पृथ्वीवर दोनशे वर्षं उलटली, ओळखीचं कुणी उरलं नाही. आता परत जायचं की नाही? दीड वर्ष मी तिच्यासोबत त्या ग्रहावर काढलं. तुला कुठं जायचंय असं तिला तिचं यानसुद्धा विचारायचं. मला घरात कुणी विचारत नव्हतं. एका रविवारी तिनं यान उडवायच्या दांड्यावर हात ठेवला, आणि खाली छापलं होतं, पुढच्या रविवारी अखेरचा भाग.

नेमकं त्या रविवारी मला मावशीकडे तिरोडीला धाडलं. संध्याकाळी परतले ती चप्पल न काढताच पेपरावर झडप घातली. तीन चौकटी जागेवर होत्या. चौथीच्या जागी भोक होतं, त्यातून आमची फरशी दिसत होती.

"मागं जाहिरात होती," वडील म्हणाले. "नागपूरचा मुलगा आहे, नोकरी पक्की. पत्राले कात्रण जोडून धाडलं. संदर्भ लागते न."

संदर्भ! सहपत्र जोडल्याशिवाय या माणसाचा हात पाकिटाला लागत नसे.

"कापायच्या आधी मागं पाह्यलं काहून नाही?"

"मले काय मालूम त्याच्यामागं काय होतं!" ते म्हणाले आणि जेवायला बसले.

मी रडले. शेजारच्या काकूंनी पाठीवरून हात फिरवला, "होते बाई, सासरच्या नावानं असंच होते." माझं डोकंच फिरलं. आमच्या मोहल्ल्यात तो पेपर घेणारी आणखी दोन घरं होती. मी दोन्हीकडे गेले. दोन्हीकडे लग्नाच्या पोरी होत्या, आणि दोन्ही पेपरांना तेच भोक होतं.

पंधरा दिवसांनी तो मुलगा आईवडिलांना घेऊन मला बघायला आला. त्याच्या वडिलांनी पिशवीतून आमचं पत्र काढलं. वर माझा फोटो, खाली ते कात्रण, फुलस्केप कागदावर डिंकानं पक्कं चिकटवलेलं, चित्राची बाजू खाली. माझं मराठी तपासायला त्यांनी मला पेपर वाचायला दिला. मी पेपर बाजूला ठेवला आणि कात्रणाच्या कोपऱ्याला नख लावलं. ते टर्रकन फाटलं.

"काय करून राह्यली हे?" वडील ओरडले.

"मागं चित्र आहे. मला ते बघायचंय."

मुलगा हसला. "लहान पोरांचं कार्टून ते!" म्हणाला. ते हसणं आठवलं की आजही माझ्या कानशिलाच्या शिरा तडतडतात.

चहाचे कप उचलून मी आत गेले. हात धुवायचं निमित्त करून मुलाची आई मागोमाग आली. नळ सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओढला तिनं दांडा. पण यान पृथ्वीकडे नाही वळवलं. पुढे गेली."

मी बघतच राहिले. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर.

"तुम्ही वाचता?" मी जोरात विचारलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "बाहेर ऐकू जाईल."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. तिनं नागपुरात आणि मी बालाघाटात, दीड वर्ष एकच गोष्ट जीव लावून वाचली. आणि त्याबद्दल बोलायचं ते मोरीपाशी उभं राहून, नळाच्या आवाजाआड, काही चोरल्यासारखं. ती पदर सारखा करून बाहेर गेली आणि पुन्हा मुलाची आई होऊन बसली.

आठ दिवसांनी नकार आला. मुलीचं मराठी शुद्ध नाही, शिवाय स्वभाव तापट. वडिलांनी तो कागद फाईलला लावला. "दुसरं येईल," म्हणाले.

तोवर पेपरात नवी चित्रकथा सुरू झाली होती. त्या रविवारी मी कात्री घेऊन फाटकातच उभी राहिले. पेपरवाल्याच्या हातून पेपर घेतला आणि तिथंच चारही चौकटी कापून घेतल्या. मग वडिलांनी सहावं पान उघडलं. एका जाहिरातीत 'उच्चशिक्षित, स्वतःचे घर' एवढंच उरलं होतं. पत्ता माझ्या हातात होता.

"काहून कापलं?" ते ओरडले. "मागं स्थळ होतं न!"

"मले काय मालूम," मी म्हटलं, "त्याच्यामागं काय होतं."