जाळीला बांधलेलं सूत
नवा टॉवेल उघडला की ब्लीचिंगचा वास येतो आणि मी मनाने पुन्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जातो. तिथल्या एका टॉवेलच्या कारखान्याने ब्लीचिंगच्या हौदावरची वाफ बाहेर ओढणारे पंखे बदलले होते; सरकारी तपासनीस म्हणून मंजुरी द्यायला मी गेलो होतो. नकाशा बरोबर होता, पंखे गरगर फिरत होते. हौदापाशी काम करणारी बाई खोकत म्हणाली, "सायेब, आमी पंख्याच्या जाळीला सूत बांदलंय. ते आत उडतंय बगा की. वारं उलटं हाय." मालक हसला. मीही हसून सही केली. वर्षाने गेलो, तर हौदापाशी तिची मुलगी होती. "आई कुठंय?" विचारलं, तर तिने नुसतं सुताकडे बोट दाखवलं. ते अजून आतच उडत होतं. आता माझ्या स्वयंपाकघरातल्या पंख्यालाही सूत आहे. बाहेरच उडतं, तरी रोज बघतो.