निळीचं पाणी

शंकर नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या मॅडम माती-संशोधक आहेत. मोकळी जमीन दिसली की त्या टाच आपटून बघतात.

एकदा त्या आमच्याबरोबर माझ्या मेव्हण्याच्या गावी आल्या. त्याच्या स्वयंपाकघरामागे डोंगराचा उतार कापलेला होता आणि तिथं भिंत बांधणं चाललं होतं.

"पाणी जायले भोकं काहून नाही? मातीत पाणी साचून भिंत पडन ना!" मॅडम म्हणाल्या.

"पाणी तर वरूनच वाहून जाते, दीदी," मेव्हणा हसला.

मॅडमनी उतारावर बादलीभर निळीचं पाणी ओतलं. आमचा चहा होईस्तोवर खाली कापलेल्या मातीतून, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांमधून ते निळं पाणी झिरपू लागलं.

"आलं हो भैया, आलं!" मॅडम टाळ्या पिटत नाचल्याच.

मेव्हण्यानं गवंड्याला भोकं ठेवायला सांगितलं. मॅडमनी निळ्या हातांनीच भजं उचललं.