पहिला मासा नदीचा

दत्तोबा भोई. साठी उलटून गेलेली. हडपसरच्या पल्याड नदीकाठालाच जन्म गेला. नदीत पोटापुरतं मिळेना, तेव्हा मुलगा टेम्पो चालवायला लागला, आणि दत्तोबा वर्षातून चार दिवस कॉलेजच्या लोकांना जाळं टाकून देऊ लागला. कुठले मासे उरलेत, त्यांची ते यादी करतात. पहिल्या वर्षी यादीत एकवीस नावं होती. आता सात.

सातवी वाम. लांब, सापासारखी. चार वर्षं ती सापडलेली नाही.

"आज शेवटचा दिवस, काका," यादी करणारी शेफाली म्हणाली. "आजही नाही मिळाली तर नाव खोडायचं."

दत्तोबा कंबर धरत पाण्यात उतरला. जलपर्णी हातानं सारली, फेस बाजूला केला, जाळं फेकलं. शेफाली खाली बसून वही काढत होती. जाळ्यात एकच जीव वळवळत आला. दत्तोबानं तो दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला.

मग तसाच उभा राहिला.

"काय होतं?"

"वाम."

"आणि सोडलीत?"

"पयला मासा नदीचा असतो, ताई. हात सवयीनं गेला."

एरवी पहिली तिलापीच यायची. ती सोडली तरी कुणाला काही वाटत नसे.

"अहो, फोटो नाही तर मला लिहिता येत नाही."

"म्या पायली की. मला वाम कळंना व्हय?"

"तुम्हाला कळते. वहीला कळत नाही."

दुपारपर्यंत त्यानं जाळं टाकलं. दर खेपेला तिलापी. बाहेरून आणून सोडलेला मासा, कसल्याही पाण्यात तगणारा.

"ही तुमच्या कोथरूडच्या लोकांवानी," दत्तोबा धापा टाकत म्हणाला. "कुठनं आली ठावं न्हाय, पर जागा धरून बसलीया."

शेफाली कोथरूडची. ती हसली, पण थोडंसंच.

उन्हं कलली. दत्तोबाचे हात वर जाईनात. तो काठावर येऊन बसला. शेफालीनं वही उघडली, पेन काढलं.

"पेन्सिलीनं खोडा, ताई," तो म्हणाला.

तिनं पिशवी उपसली. पेन्सिल मिळाली, टोक मोडलेली. दत्तोबानं जाळ्याचा दोरा कापायची सुरी काढली आणि मान खाली घालून टोक करत बसला.