बियाण्याविना ठेवलेली नळी

वसुधाताई देशकर यांना मी प्रथम पाहिलं ते रायपूरच्या आमच्या बीज-तपासणी प्रयोगशाळेत, त्या अमरावतीहून रुजू व्हायला आल्या तेव्हा. यंत्रं त्यांना मीच दाखवली. नोकरीत मी चार वर्षांनी ज्येष्ठ; पुढे प्रमुखपद मात्र त्यांना मिळालं. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरव-अंकात लिहायला संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. हेवा करणाऱ्याने गौरव कसा लिहावा?

तरी लिहितो, कारण एक प्रसंग माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही.

धमतरीकडच्या एका महिला गटाने देशी सुगंधी धानाचं बियाणं तपासायला पाठवलं होतं. त्यात जनुक बदललेल्या बियाण्याची भेसळ नाही, असा दाखला खरेदीदाराला हवा होता. मी तपासणी केली, भेसळीची रेघ उमटली, मी अहवालावर सही केली. गटाच्या अध्यक्ष फुलबाई स्वतः आल्या. बियाणं सासूपासून चालत आलेलं. आता सगळं जाळावं लागेल का, एवढंच त्यांनी हिंदीत विचारलं. मी नियम सांगितला.

वसुधाताईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि माझे निकाल मागवले. प्रत्येक तपासणीत एक नळी बियाण्याविना ठेवतात. तिच्यात काहीच दिसायला नको. माझ्या त्या नळीतही पुसट रेघ होती. मी ती पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर पाहिली होती, आणि घाईत सोडून दिली होती. भेसळ धानात नव्हती, माझ्या टेबलावर होती. आदल्या दिवशी तिथेच मी बदललेल्या बियाण्याचा नमुना हाताळला होता.

माझा चेहरा पाहून ताई हळूच म्हणाल्या, "काहून घाबरून राहिले भाऊ? नवा नमुना घेऊ, पुन्हा करू."

दुसऱ्या खोलीत त्यांनी स्वतः तपासणी केली. धान शुद्ध निघालं. वरिष्ठांना त्यांनी कळवलं की चूक प्रयोगशाळेची, जबाबदारी प्रमुखाची. लेखी समज त्यांना मिळाली. माझं नाव कुठेच आलं नाही.

मी कृतज्ञ व्हायला हवं होतं. उलट हेवा वाढला. पद त्यांना नशिबाने मिळालं, अशी मी मनाची समजूत घातली होती. आता तेही म्हणता येईना. फुलबाईंचं बोलावणं आलं की ताई मलाही गाडीतून न्यायच्या. बायका त्यांच्याभोवती जमायच्या. मी बाजूला बसून तो सुगंधी भात खायचो, आणि तो चांगला लागतो याचाही मला राग यायचा.

ती चूक माझी होती. समजपत्राच्या नोंदीत माझं नाव घालावं, असा अर्ज मी सोमवारी दिला आहे. ताईंना अजून ठाऊक नाही. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. हे मी मनापासून म्हणतो, हेवा अजून गेलेला नसतानाही.