पंचेचाळिसाव्या दिवसाचं पाणी

“जनावरं हलवायची न्हाईत! इंजिनिअर सायबांच्या तक्त्यात पाणी परत वाढायलंय. महिनाभर ओढून काढू.” चेअरमन आप्पांनी छावणीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी उडालोच. तक्ता माझा होता.

दुष्काळाचं साल. धारूरजवळ आमच्या दूध संघाची चारा छावणी होती, तीनशे जनावरांची. पाणी एकाच विहिरीचं, टँकरने यायचं. सुरुवातीला वीस खेपा, खेपेला पाच हजार लिटर. मग विहीर आटत गेली, तशी रोज एक खेप कमी आणि प्रत्येक खेपेत दोनशे लिटर कमी. मी दोन सूत्रं मांडली. खेपा: २० वजा दिवस. खेपेचं पाणी: ५००० वजा दिवसाला २००. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचं पाणी. रिपोर्ट पंधरवड्याचा लागायचा, म्हणून दर पंधराव्या दिवसाचाच आकडा छापला. सुरुवातीला एक लाख लिटर, पंधराव्या दिवशी दहा हजार, तिसाव्या दिवशी दहा हजार, पंचेचाळिसाव्या दिवशी पुन्हा एक लाख. घाईत सही ठोकली.

त्या दिवशी बारावा दिवस होता. धरणाकाठच्या एका संस्थेने जनावरांना जागा देऊ केली होती, उत्तर संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

दोन म्हशी घेऊन आलेल्या गंगूबाई मला म्हणाल्या, “पाऊस न्हाई, पानी न्हाई. मग त्ये कावून वाढंल, सायेब?”

मी ऑफिसात पळालो. शीटमध्ये बाविसावा दिवस टाकला. उत्तर आलं, उणे बाराशे लिटर. तिसावा टाकला. खेपा उणे दहा, खेपेचं पाणी उणे हजार. उणे गुणिले उणे, अधिक! नसलेल्या खेपांनी नसलेलं पाणी आणून दहा हजार लिटर भरले होते.

सूत्र कुठपर्यंत खरं धरायचं, त्या हद्दीला गणितात डोमेन म्हणतात. खेपा विसाव्या दिवशी संपत होत्या, खेपेतलं पाणी पंचविसाव्या. गुणाकाराला आधी संपणारी हद्द लागू होते. म्हणजे वीस दिवस. हे मी कॉलेजात शिकलो होतो. लाज वाटली.

“आप्पा, आठच दिवस पाणी आहे. पुढचे आकडे खोटे आहेत.”

“खोटे? आन् खाली सही कुनाची हाय?”

“माझी.”

आप्पांनी धरणाकाठी फोन लावला.

जनावरं हलवायला पाच दिवस लागले. एकोणिसाव्या दिवशी विहिरीतून नुसता गाळ आला.

म्हशी ट्रकमध्ये चढवताना गंगूबाईंनी विचारलं, “सायेब, पंचेचाळिसाव्या दिवशी वापस यिऊ का, पानी भरायला?”

तेव्हापासून मी आधी हद्द लिहितो, मग सूत्र. आणि रिपोर्ट पंधरवड्याचा असला तरी शीट रोजची बघतो.