खंडेनवमीचा ड्रम

"तुमच्या लोकांना फुकटचं काही दिसलं की धीर धरवत नाही."

सर खुर्चीत बसून म्हणाले. मी केबिनच्या दारात उभी. कडेवर पोर घ्यावं तसा निळा ड्रम धरलेला. आत दोन मॅडम चहा पीत होत्या. एकीनं ड्रम पाहिला आणि झटकन खुर्ची मागं सरकवली. म्हणजे तिला माहीत होतं.

"धुऊन घ्या म्हणून सांगितलं होतं ना? तुम्ही त्यात प्यायचं पाणी भरलंत, त्याला डिपार्टमेंट काय करणार?"

कुणीही, काहीही सांगितलं नव्हतं. पण ते खोटं मला एवढं लागलं नाही. लागलं ते 'तुमच्या लोकांना'. कारण सर आमच्यातलेच.

आम्ही मूळचे मेंढरंवाले. आता राहू गावात दोन एकर ऊस आहे, तरी सासऱ्यांनी चार मेंढ्या सोडल्या नाहीत. त्यांना मी आबा म्हणते. सर शेजारच्याच वस्तीवरचे. त्यांचे वडील आणि आबा एकत्र मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, एका चुलीवर भाकरी खायचे. सर शिकले, रसायनशास्त्राचे प्रोफेसर झाले, विद्यापीठात विभागाचे प्रमुख झाले. गावानं सत्कार केला तेव्हा आबांनी घरच्या लोकरीचं घोंगडं त्यांच्या खांद्यावर घातलं. सर आबांच्या पाया पडले आणि माईकवर म्हणाले, "मी कितीबी मोठा झालो तरी तुमचाच हाय."

आबा रडले. मीही रडले. आज त्या रडण्याची चीड येते.

त्यांच्याच शब्दावर मला शिरूरच्या बाजूला त्यांच्या विद्यापीठात काम लागलं. झाडलोटीचं, कंत्राटदाराकडचं. गावात ते मला वहिनी म्हणायचे, विद्यापीठात मावशी. मी मनाला लावून घेतलं नाही. म्हटलं, मोठ्या जागेचे मोठे रिवाज. आपला माणूस वर आहे, एवढं बास.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत उपकरणांची पूजा होते. नारळ फुटला, पेढे वाटले. मग सरांनी आम्हा झाडलोटीच्या बायांना आणि शिपायांना आत बोलावलं. भिंतीशी निळे ड्रम मांडलेले. वरचे स्टिकर खरवडून काढलेले. मला वाटलं, भेट द्यायची म्हणून साफ केलेत. प्रत्येक ड्रमला हळदीकुंकवाची बोटं, प्रत्येकाला झेंडूची माळ.

"तुमच्याकडे पाण्याची अडचण असते ना," सर म्हणाले. "घेऊन जा. दसऱ्याची भेट."

आम्ही वाकून नमस्कार केला. मी तर दोनदा वाकले.

वडापच्या जीपच्या टपावर बांधून ड्रम घरी आणला. साबण लावला, राख लावली, घासघासून धुतला. आमच्या वस्तीवर नळाला दिवसाआड पाणी. पण आबांनी ड्रम घरात वापरू दिला नाही, आपल्या खाटेशी ठेवून घेतला. येईल त्याला दाखवायचे. स्वतः त्यातलंच पाणी प्यायचे, मेंढ्यांनाही त्यातलंच पाजायचे. वास येतोय म्हटलं, तर म्हणाले, "नव्या डब्याचा वास हाय. जाईल चार दिसांत."

आधी कोकरं मेली. आम्ही म्हटलं, रोग आला. मग आबांचं तोंड आलं. पाण्याचा घोट घेतला तरी कळवळायचे. मग उलट्या, मग पायांवर सूज. शिरूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "हे पाणी कशातलं पितात?" मी सांगितलं, विद्यापीठातल्या ड्रममधलं. कौतुकानंच सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, किडनीला मार बसलाय. तो ड्रम आधी बंद करा.

दुसऱ्या दिवशी विभागातल्या जुन्या शिपायाला गाठलं. सगळे त्यांना आप्पा म्हणतात.

"मागच्या शेडातलं ड्रम व्हते ते," आप्पा इकडंतिकडं बघत म्हणाले. "प्रयोगाचं वापरलेलं रसायन त्यात साठवत्यात. जहरी कचऱ्याची गाडी येती, तिच्यातच रिकामा ड्रमबी द्यायचा असतो. औंदा गाडी बोलावलीच न्हाई. तपासणीला लोक येणार व्हते, शेड मोकळं दाखवायचं व्हतं."

"आन् तुम्हाला मिळालेला ड्रम कुठं हाय?"

आप्पा म्हणाले, "वढ्यात टाकला."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"सरांनी हळदकुकू लावून दिलेला. आपण कसं बोलायचं, पोरी?"

पोरी म्हणाले. त्या शब्दानंही अंगाची आग झाली. कळलं होतं, तरी तोंड शिवून बसले. इकडं आबा घोट घोट विष पीत होते.

त्याच दिवशी घरी जाऊन ड्रम उचलला आणि दुसऱ्या सकाळी सरांच्या केबिनमध्ये नेला. तिथं 'तुमच्या लोकांना' ऐकलं. मी हलले नाही. मग सरांनी मॅडमना बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं. दार लागताच त्यांची बोली बदलली.

"बसा, वहिनी. आबा कसं हायत? त्यांच्या दवाखान्याचं मी बघतो. पर ह्ये बाहेर न्यायचं न्हाई. आपल्यातला एकच माणूस हितवर पोचलाय. त्याला खाली वढू नका."

मी बसले नाही. ड्रम त्यांच्या टेबलावर ठेवला, कागदांच्या वर.

"सर, तुमची आई वस्तीवरच ऱ्हाती. तिच्या नळालाबी दिवसाआडच पाणी येतं. तिला का न्हाई दिला?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्याकडं न बघता त्यांनी बेल दाबली. शिपाई आत आला, तशी बोली पुन्हा इस्त्री केलेली.

"मावशी, तुम्ही निघा आता."

मी निघाले, पण घरी गेले नाही. ज्यांना ज्यांना ड्रम मिळाले त्यांची दारं वाजवत राहूपासून यवतपर्यंत फिरले. पाणी ओतायला लावलं. एकीच्या ड्रममध्ये लेकरांच्या आंघोळीचं पाणी होतं, एकीच्या ड्रममध्ये ज्वारी. एक बाई मलाच भांडली, "तुमच्याच माणसानं दिलं, आन् आता तूच बोंब मारती व्हय?" मी म्हटलं, व्हय, मीच मारती. प्रदूषण मंडळाकडं तक्रार केली. कंत्राटदारानं लगेच कामावरून काढलं.

आता चौकशी लागली आहे. विद्यापीठाचं उत्तर आलंय की ड्रम कामगारांनी परस्पर उचलून नेले. म्हणजे आम्ही चोर. कंत्राटदारानं लक्ष ठेवलं नाही, एवढीच काय ती चूक. सरांचं नाव कुठंच नाही.

उद्या माझा जबाब आहे. आज संध्याकाळी आबांनी मला खाटेजवळ बोलावलं. चेहरा सुजलेला, आवाज खोल गेलेला.

"सूनबाई, त्याचं नाव घेऊ नगंस. कंत्राटदाराचं घे. त्यो परका हाय."

"आबा, परक्यानं दिला असता तर तुम्ही चारदा वास घेतला असता. आपल्यानं दिला म्हणून प्यालात."

आबांनी भिंतीकडं तोंड केलं. "नाव घेतलंस तर माझ्याशी बोलायचं न्हाई."

सासऱ्यांचा शब्द मी आजवर मोडला नव्हता. ज्यानं त्यांना मारायला घेतलं, त्यालाच ते पाठीशी घालत होते. मला रडू आलं नाही. राग आला, आबांचाही आला.

"बरं," मी म्हटलं. "नका बोलू."

त्यांना धरून उठवलं, गोळी दिली, पांघरूण घातलं. सकाळची पहिली एसटी धरायची आहे. मी नाव घेणार. त्यांचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट, आमच्या गावासकट.