रत्नम्माच्या सात रजा

रत्नम्माबद्दल आमच्या ख्रिस्ती मंडळीत दोन मतं होती. तिचा आवाज चांगला आहे, हे एक. आणि दर नाताळात आठवडाभर रजा काढून बसते, म्हणजे बाईला कामाचा कंटाळा आहे, हे दुसरं. पहिलं मत बरोबर होतं.

मिलमध्ये वाइंडिंग खात्यात ती सुताच्या कांड्या भरायची. बावीस वर्षं, कायम नोकरीत. नवरा वारलेला. एकुलती मुलगी सुंदरम्मा अकलूजला दिलेली, जावई साखर कारखान्यात. घरात तेलुगू, खात्यात मराठी आणि मुकादमाशी भांडायचं झालं की कानडी, अशा तीन भाषा ती नीट वेगळ्या ठेवायची.

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि महिला मंडळाची चिटणीस होते. नाताळातली कामं वाटून देणं माझ्याकडे. रजेवरची बाई दिसली की मी तिला सोडत नसे. देवळाचे पडदे धुणं, मुलांच्या नाटकाची तालीम, म्हाताऱ्या कमलम्माकडे करंज्या लाटून देणं, सगळं रत्नम्माच्या नावावर. ती "व्हय बाई" म्हणायची आणि करायची. रजेत ती मिलपेक्षा जास्त राबायची, हे मला दिसत होतं. त्याचं विशेष काही वाटत नव्हतं.

१९७४ च्या नाताळच्या दिवशी उपासना आठला सुरू झाली. पहिलं गीत तिनं उचलायचं होतं आणि ती नव्हती. मी उचललं. माझा आवाज कसा आहे ते मला ठाऊक आहे. साडेआठला ती धापा टाकत आली, नव्या पातळाचा काठ धुळीनं भरलेला.

उपासना सुटल्यावर मी तिला पायरीवरच गाठलं.

"रजा घेतलीस ना? मग कुठं होतीस?"

"गेटावर, बाई."

"कसल्या गेटावर?"

"मिलच्या की."

मग तिनं सांगितलं. मिलच्या गेटाशी सकाळी सातच्या आधी बदलीवाल्या बायका उभ्या असत. कायम बाई आली नाही की तिच्या जागेवर त्यांच्यातली एक आत जाई. वर्षात दोनशे चाळीस हजेऱ्या भरल्या तर बदलीवालीचं नाव कायमच्या यादीत चढे. नाही भरल्या तर एक जानेवारीला पुन्हा पहिल्यापासून. माळशिरसकडची गोजरबाई, दुष्काळात तीन मुलं घेऊन सोलापुरात आलेली, तिच्या दोनशे तेहतीस भरल्या होत्या. चोवीस ते एकतीस, मधला रविवार सोडून, दिवस राहिले होते सात. रत्नम्मानं आपल्या सात रजा काढून तिला आपल्या जागेवर उभं केलं होतं. दर नाताळात ती कुणा ना कुणासाठी हेच करत आली होती.

"मग घरी बसून रजा घे की. गेटावर कशाला?"

"अर्ज आधी दिला तर सिद्रामप्पा मुकादम त्याचं माणूस घुसवतोय, बाई. मी सकाळी सोता अर्ज घेऊन गेले, गोजरला हाताला धरून पुढं केलं, तर त्याला न्हाय म्हणता येत न्हाय. चारचौघात लाजतोय."

"आणि आज काय झालं?"

"आज तोच उशिरा आला. आल्यावर म्हणतो, काय गं, तुमचा देव सात सात दिवस जन्मतोय व्हय?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मुकादम, तुमची संक्रांतीची गड्ड्याची जत्रा एका दिवसात उरकती काय?"

मी हसले. मग विचारलं, रजा किती शिल्लक आहेत. अकरा होत्या. सुंदरम्माचं पहिलं बाळंतपण फेब्रुवारीत, माहेरी व्हायचं होतं; रजा त्यासाठी राखलेल्या. त्यातल्या सात गेल्यावर चार उरणार होत्या. मी म्हटलं, हा वेडेपणा आहे. ती म्हणाली, "आसंल की."

तीस तारखेला सोमवारी महिला मंडळ नातेपुत्याला जाणार होतं. तिथं आमची पाचसहा घरं होती, त्यांच्याकडे नाताळात कुणी फिरकत नसे. एस.टी. सकाळी सहाची. रत्नम्मा म्हणाली, मला गेट हाय. मी म्हटलं, तुझ्यावाचून गाणार कोण? शनिवारीच मुकादमाला सांगून ठेव, अर्ज त्याच्या हातात दे. तो काय खाणार आहे तिला?

"बाई, तो माणूस सरळ न्हाय."

"एक दिवस देवासाठी काढ. बाकीचे सहा गोजरबाईला दिलेसच."

मी हे ऐकलं नव्हतं, समजलं नव्हतं, असं म्हणणं सोपं आहे. ऐकलं होतं आणि समजलंही होतं. मला माझा कार्यक्रम नीट व्हायला हवा होता.

तिनं ऐकलं. शनिवारी सिद्रामप्पाला अर्ज दिला, त्यानं मान डोलावली. सोमवारी आम्ही नातेपुत्याला गेलो. रत्नम्मा छान गायली. पंधरा माणसं होती, चहा झाला, एका म्हातारीनं आम्हाला शेंगा बांधून दिल्या.

संध्याकाळी परतलो तर रत्नम्माच्या उंबऱ्यावर गोजरबाई बसलेली. रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आक्का, त्याच्या मेव्हणीला घेतलं. मी म्हणलं, रत्नम्माक्काची जागा हाय. तर म्हणतो, कुटं हाय तुझी आक्का? दाव."

रत्नम्मानं हातातली पिशवी खाली ठेवली. कानडीत दोन शब्द बोलली. मला कानडी येत नाही, तरी समजले. मग मराठीत म्हणाली, "जेवलीस काय?"

"न्हाय."

"चल आत."

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, पण पाहणं टाळलंही नाही. मी म्हणाले, मी जाऊन बोलते त्याच्याशी. ती म्हणाली, "हजेरी लागून गेली, बाई. आता खाडाखोड कोण करतंय?"

उद्याची धरून दोनशे एकोणचाळीस होत होत्या.

एकतीसला मीही सात वाजता गेटावर गेले. कशाला, ते मला नीट सांगता येणार नाही. रत्नम्मा अर्ज घेऊन आधीच उभी होती, गोजरबाईचा हात धरून. सिद्रामप्पानं गोजरबाईला आत सोडलं. आता सोडायला त्याचं काय जात होतं? मी रत्नम्माला म्हटलं, "आता कशाला एक रजा घालवलीस? ते तर हुकलं."

"हुकलं ते हुकलं. आजची हजेरी तर मिळाली की. पोरं काय दोनशे चाळीस मोजून जेवत्यात?"

फेब्रुवारीत सुंदरम्मा बाळंत झाली, मुलगी झाली. रत्नम्मा चार दिवस घरी राहिली आणि पाचव्या दिवशी खात्यावर गेली. दुपारी शाळा सुटल्यावर मी सुंदरम्माकडे जाऊन बसत असे. मला बाळंतिणीचं काही येत नाही. शेक कसा द्यायचा हे सुंदरम्मानंच मला शिकवलं, आणि दोनदा हसली.

गोजरबाई पुढची दोन वर्षं बदलीच राहिली. सत्याहत्तरला कायम झाली, तीसुद्धा सिद्रामप्पाची बदली दुसऱ्या खात्यात झाली म्हणून. तोवर रत्नम्मा नाताळात चंद्रव्वा नावाच्या दुसऱ्या एकीला घेऊन गेटावर उभी राहू लागली होती.

मी चिटणीस होते तोवर नाताळाच्या आठवड्यात मंडळाचा एकही कार्यक्रम सकाळी नऊच्या आत ठेवला नाही. बायका कुरकुरायच्या, दुपारी उन्हात कोण जाणार म्हणून. मी म्हणायचे, नऊ म्हणजे नऊ.